भाऊ वयानं हरला की डावानं

माझा धाकटा भाऊ गावच्या जत्रेत कुस्ती हरला, तेव्हा मी शाळेसमोरच्या एका गच्चीवर बायकांमध्ये बसले होते. आमच्या गावात दंगलीच्या मैदानात बायका उतरत नाहीत. गच्चीवरून पाहतात आणि पाहिलं नाही असं दाखवतात. मी तसं दाखवत नाही. पहिली नारळावरची कुस्ती लागली की मी बसते, ती शेवटची मोठी जोड सुटेपर्यंत उठत नाही.

शेवटची जोड माझ्या भावाची. वीस-बावीस वर्षं झाली, त्याचीच. शंभर किलोच्या वरचा गडी, दारात उभा राहिला तर आत अंधार करील असा. त्या दिवशी समोर सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेला एक पंचविशीचा पैलवान होता. वजनानं भावाच्या जवळपास, पण पोट नसलेला. दोघं मानेला मान लावून दहा-बारा मिनिटं उभे राहिले. मग तो पोरगा एकाएकी खाली वाकला, त्यानं भावाचा पाय धरून ओढला आणि भाऊ पाठीवर गेला. खांदे मातीला टेकले. झालं.

शेजारची बाई म्हणाली, "म्हातारा झाला वो तुमचा पैलवान."

मी म्हटलं, "तुह्या नवऱ्याहून दोन वर्सानं लहान हाये तो."

असं मी तिला सुनावलं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही तेच वाटलं होतं.

मी सत्तरीतली, तो अठ्ठेचाळीसचा. आईचं शेवटचं पोर. माझं लग्न झाल्यावर तो जन्मला आणि तीन वर्षांचा असताना आई गेली. मला त्याच गावात दिलेलं होतं, म्हणून तो माझ्याच घरी वाढला. मी चौथी शिकले. पुढची शाळा दूर होती आणि घरात कामं होती, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण पैलवान वाढवणं मी शिकले. आमच्या पट्ट्यात पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही, तर त्याची बदामाची थंडाई कशी होणार? सोनाळ्याकडून येणाऱ्या गाडीवर मी गोड्या पाण्याचे डबे मागवायची. दूध घेऊन तालमीच्या दारात बसायची, कारण तो मेहनतीत दूध विसरायचा. दारात बसून बसून डाव डोळ्यांत बसले. मला डाव करता येत नाहीत. पण ज्याला स्वयंपाक येत नाही त्यालाही मीठ कमी पडलेलं कळतंच.

हरल्यावर तो आठ दिवस तालमीत गेला नाही. तालमीची माती त्याच्या हातची. दर शनिवारी तो ती खणायचा, त्यात ताक, हळद, तेल घालायचा. त्या शनिवारी माती तशीच राहिली. तो सकाळी वांग्याच्या वावरात जायचा, तोडा झाला की घरी येऊन गोठ्यात बाजेवर बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, वय झालं. पण ते तो असं म्हणायचा, जसं एखादा रुसलेला माणूस म्हणतो की मला भूकच नाही.

गावात दोन तट पडले. पारावरचे म्हातारे म्हणत, वयच. तालमीतली त्याच्या हाताखालची पोरं म्हणत, डाव चुकला, वस्ताद उगाच थांबले. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं आणि दोन्हीकडचे चहा पीत होते. मला त्या वादात रस नव्हता. मला एवढंच दिसत होतं की गोठ्यात बसलेला माणूस कोणत्याही तटात नाही. वय झालं हे तो बोलत होता, पण त्याला ते पटलेलं नव्हतं. आणि न पटलेली गोष्ट माणूस रोज बोलायला लागला की त्याचं जेवण तुटतं. त्याचं तुटलं होतं. सहा भाकरीचा माणूस दोनवर आला होता.

एका दुपारी भावजय माझ्याकडे आली. पदराखाली मोबाइल. कुणीतरी कुस्ती त्यात धरली होती, ती तिला मिळाली होती. बसली, पाणीही प्यायली नाही आणि मला ते चित्र लावून दिलं.

"पाहा बाई, कसे धापून राह्यले ते. आता तरी सांगा त्यायले. तुमचं ऐकतात."

तिचं म्हणणं साधं होतं. संग्रामपूरच्या डॉक्टरनं मागच्या वर्षीच सांगितलं होतं की रक्तदाब वाढला आहे आणि उजवा गुडघा झिजला आहे. नवरा आखाड्यात पडून जन्माचा अंथरुणाला लागला तर तिचं काय, हा तिचा प्रश्न होता. तो खोटा नव्हता. मी बहीण आहे, मला तो कुस्ती खेळताना चांगला वाटायचा. तिला त्याच्याबरोबर राहायचं होतं.

मी चष्मा लावला आणि कुस्ती पाहिली. धाप दिसली. मग मी तिला म्हटलं, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. तिसऱ्यांदा पायांकडे.

भावाची जुनी रीत अशी होती. समोरच्याच्या मानेवर हात टाकायचा, स्वतःचं सगळं ओझं त्याच्या अंगावर सोडायचं आणि त्याला ते वाहायला लावायचं. समोरचा दमला, त्याचा हात ढिला पडला की तो हात खांद्यावरून ओढून, कंबरेवर घेऊन, धोबी दगडावर कपडा आपटतो तसा त्याला आपटायचा. धोबीपछाड म्हणतात तो हाच. या एका डावावर त्यानं वीस वर्षं काढली.

पण त्या पोराला कुणीतरी शहाण्यानं शिकवून पाठवलं होतं. भाऊ ओझं टाकायचा तेव्हा तो अर्धं पाऊल मागे सरकायचा. म्हणजे भाऊ कुणावर रेलतच नव्हता. स्वतःचं शंभर किलो स्वतःच तोलत उभा होता, दहा मिनिटं. आणि तेवढ्यात त्या पोराचा डावा हात तीन वेळा भावाच्या खांद्यावर मोकळा पडला होता. पहिल्यांदा तर दुसऱ्याच मिनिटाला. भावानं तो घेतला नाही. तो अजून दमायची वाट पाहत होता.

आणखी एक दिसलं. सलामीच्या वेळी, अंगाला माती लागण्याआधी, भावाच्या उजव्या खांद्यावर लाल वळ होता. बोटभर जाड.

तो पालखीच्या दांड्याचा वळ.

आमच्या गावची रीत अशी की जत्रेच्या दिवशी गावच्या पैलवानानं देवाच्या पालखीचा पुढचा दांडा धरायचा, अनवाणी, आणि कुस्ती होईपर्यंत अन्न घ्यायचं नाही. पालखी सकाळी निघते. दर दारात थांबते, भोयांच्या पायांवर पाणी पडतं, आरती होते, मग पुढचं दार. गाव वाढलं, दारं वाढली. पूर्वी पालखी बाराला देवळात परत यायची, आता अडीच-तीन वाजतात. चैत्राचं ऊन. आणि सहाला कुस्ती. पंचविशीत भाऊ हे करून जिंकायचा, म्हणून गावात असं ठरून गेलं होतं की तो पालखीमुळेच जिंकतो. हरला तेव्हा वयाचा हिशेब झाला, डावाचा झाला, पालखीचा कुणी केला नाही. मीही केला नव्हता. मी तर त्या सकाळी माझ्या दारात त्याच्या पायावर पाणी घातलं होतं आणि मला बरं वाटलं होतं.

मी भावजयीला म्हटलं, "हा एकट्या वयानं नाही हरला. हा हात पाह्य. तीन बाऱ्या सोडला यानं."

तिनं मोबाइल माझ्या हातातून घेतला. "हे त्यायले सांगू नका."

"काऊन?"

"वय झालं म्हणाल तं घरी बसतील. डाव चुकला म्हणाल तं पुन्हा उतरतील. तुम्हाले काय वो, तुम्ही गच्चीवर बसता."

हे लागलं मला, कारण बरोबर होतं. मी म्हटलं, नाही सांगत. आणि दोन दिवस मी सांगितलं नाही. मी आपण होऊन जाऊन सांगितलंही नसतं. पण तिसऱ्या दिवशी मी ताक द्यायला त्याच्या घरी गेले. भावजय वावरात होती. तो गोठ्यात बाजेवर बसला होता. म्हशीला चारा टाकलेला नव्हता. मी टाकला. तेवढ्यात तो पाठीमागून म्हणाला, "बाई, तू पाह्यलं न? वयच न वो?"

खोटं बोलायला मला जमत नाही असं नाही. गरजेपुरतं मी आयुष्यभर बोलले आहे. पण ज्याला मी हातानं भरवलं, त्यानं तसं सरळ विचारल्यावर मला सुचलं नाही.

मी म्हटलं, "अर्धं वय. अर्धा तुहा बह्याडपणा."

त्याचा वेडेपणा काढला तशी त्यानं मान वर केली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"कोणता बह्याडपणा?"

"सकाळपासून उपाशी उन्हात फिरला अन सांजच्याले कुस्ती खेळला, तो एक."

"देवाच्या पालखीले नावं ठेवून राह्यली तू."

"देवाले नाही, तुले. देव पालखीत बसून होता, सावलीत."

तो हसला नाही, पण ओठ हलले. मग मी दुसरं सांगितलं. म्हटलं, थांबून दमवायची कुस्ती ज्याच्याजवळ दम जास्त त्याची. तू पोरगा होतास तेव्हा तुझ्याजवळ होता, म्हणून तू थांबायचास. आता दम त्या पोराजवळ आहे, आणि थांबलास तू. तू त्याच्याशी खेळलाच नाहीस, तू तुझ्या जुन्या कुस्तीची नक्कल केलीस. त्याचा हात तीनदा तुझ्या खांद्यावर पडला होता.

"कोणता हात?"

"डावा."

"कधी?"

मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि माझा हात त्याच्या खांद्यावर टाकून दाखवला. असा, आणि असा. त्यानं माझं मनगट धरलं, हलकेच फिरवलं, स्वतः अर्धा वळला आणि तिथंच थांबला.   मग मला म्हणाला की दोन भाकरी टाक, भूक लागली. ताक घेऊन आलेली मी त्याच्या चुलीवर भाकरी टाकून आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीची माती खणलेली होती.

भावजय माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडली नाही. माझा ताकाचा गंज, पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात, तिनं रिकामा परत पाठवला. आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, काही नसेल तर चार मिरच्या तरी टाकतात. तिनं धुऊन, पुसून, रिकामा पाठवला. मी समजले. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. तिचं चुकलं असंही वाटलं नाही.

वैशाखात पलीकडच्या एका गावी दंगल होती. भाऊ म्हणाला, मी जातो. तिथं आमची पालखी नव्हती, उपास नव्हता. सकाळी भाकरी, दूध घेऊन तो दुपारभर लिंबाखाली झोपला. गुडघ्याला पट्टी बांधली. जाताना ऑटोत मी बसले, कारण या वेळी गच्ची नव्हती आणि मला पाहायचं होतं. भावजय मागून आली आणि माझ्याशेजारी बसली.  पिशवी मांडीवर घट्ट धरून होती. तिच्यात हळदीची पुडी, पट्ट्या आणि रक्तदाबाची गोळी होती, हे मला नंतर कळलं.

ऑटो मैदानाच्या कडेला लावला आणि आम्ही आतच बसून राहिलो. जोड ठरलेली नसली की पैलवान हात वर करून आखाड्याभोवती फिरतो, ज्याला खेळायचं तो येऊन हात देतो. भाऊ लंगोट लावून फिरायला लागला. पोट, पिकलेली छाती, गुडघ्याला पट्टी. भोंग्यावरचा माणूस गमतीत म्हणाला की वस्ताद, आता तुम्ही पंच व्हा, पोरायले खेळू द्या. लोक हसले. मला त्या भोंग्यात चिखल कोंबावासा वाटला. भाऊ फिरतच राहिला. दोन फेऱ्या झाल्या, कुणी येईना. म्हाताऱ्याला पाडून नाव होत नाही, आणि पडलो तर जातं.

तिसऱ्या फेरीला तोच पोरगा उठला. तो येणार हे भावाला माहीत होतं, त्याच्यासाठीच भाऊ इथं आला होता. पोरगा आधी त्याच्या पाया पडला, मग हात दिला.

कुस्ती मिनिटभरही चालली नाही. पोरगा मागच्यासारखाच मागे सरकायच्या तयारीनं आला होता. भावानं ओझं टाकलंच नाही. उभा राहिला सरळ. पोराला काय करावं कळेना, त्यानं मानेवर हात टाकला. तोच, डावा. भावानं तो पडता पडताच घेतला. वळला, हात खांद्यावरून ओढला, कंबर खाली घातली. सगळं असं झालं की मी तालमीच्या दारात दुधाचा तांब्या घेऊन बसले आहे असं मला वाटलं. पोराच्या टाचा जमिनीवरून उचलल्या. वीतभर. मी भावजयीचं मनगट धरलं, तिनं मला धरू दिलं.

आता फक्त कंबर झटकायची होती. पंचविशीत ते त्याच्याकडून आपोआप व्हायचं.

कंबर आली नाही. एवढंच. हात बरोबर, पाय बरोबर, पकड बरोबर, पोरगा पाठीवर, आणि कंबर आली नाही. त्याच्या मांड्या थरथरताना मला ऑटोतून दिसल्या. पोराच्या टाचा हळूहळू परत मातीला लागल्या. भावाची पाठ त्याच्याकडे होतीच. त्यानं मागून दोन्ही हातांचा कवळा घातला, भावाला खाली घेतलं आणि उलटवलं. तेही जपून केलं त्यानं, गुडघ्याच्या बाजूनं नाही. मला ते दिसलं, आणि मी त्या पोराला मनातल्या मनात बरं म्हटलं.

मी अर्धं वय, अर्धा बह्याडपणा म्हटलं होतं. माझं माप चुकलं होतं. त्यानं सगळा बह्याडपणा काढून ठेवला, तरी हरला. आणि हे मी त्याला चारशे लोकांसमोर करायला लावलं. भावजयीनं आधीच सांगितलं होतं. तिच्या मनगटावरून मी माझा हात काढला, तर तिनं पिशवी उघडली आणि टॉवेल काढून ठेवला.

तो उठला. पोराचा हात त्यानंच वर केला आणि आखाड्याभोवती फिरवला.  मग तो आमच्याकडे आला. ऑटोच्या दांडीला धरून उभा राहिला. श्वास लागला होता, बोलता येत नव्हतं. भावजयीनं पाणी दिलं. प्यायला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "सांग आता."

मी म्हटलं, "डाव बरोबर होता."

"हाव."

"कुठंच चुकला नाही तू."

"हाव. मंग वयच."

"वयच."

त्यानं मान हलवली. गोठ्यात तो हाच शब्द रोज बोलायचा, तेव्हा त्याचा चेहरा आंबलेला असायचा. आता नव्हता. भावजयीकडे वळून म्हणाला, "पटलं. आता नाही उतरत. तुही शपथ."

ती म्हणाली, "माही नका घेऊ, मले जगायचं हाये." आणि त्याच्या हातात गोळी ठेवली. तो हसला. ती मात्र हसली नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. पण मला सरकून बस म्हणाली, त्याला जागा कर.

तो आत बसणार एवढ्यात तो पोरगा आला, बक्षिसाचा फेटा तसाच डोक्यावर घेऊन. जरा बाजूला उभा राहिला, आम्ही बायका होतो म्हणून. मग म्हणाला, "वस्ताद, तो हात तुम्ही कसा धरला? मले समजलंच नाही. मी वर गेलो तवा कळलं."

भाऊ म्हणाला, "तू हात टाकते तवा पाह्यत नाही."

"दाखवता का?"

ऑटोवाल्याला घाई होती, त्याला दुसरं भाडं होतं, त्यानं हॉर्न वाजवला. भावानं लक्ष दिलं नाही. त्यानं पोराचा डावा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि सावकाश वळून दाखवलं, बोट कुठं लागतं, कंबर कधी जाते. एकदा. मग दुसऱ्यांदा. कंबर इथून, असं म्हणून त्यानं स्वतःच्या कंबरेवर थाप मारली, आणि पोरानं ती वाकून नीट पाहिली, कुणी विहिरीत पाहावं तशी. तिसऱ्यांदा दाखवताना भावाचा श्वास पुन्हा चढला. पोराला तो ऐकू गेला, पण हात काढून घ्यायची त्याची हिंमत होईना.

मीच म्हटलं, "पुरे रे. बाकीचं तालमीत येऊन शिक."

पोरानं विचारलं, येऊ का खरंच. भाऊ काही बोलायच्या आधी भावजय म्हणाली, "या. पण तवा हे मातीत नाही उतरणार, काठावर बसून सांगतील."

भावानं तिच्याकडे पाहिलं आणि मग टॉवेलनं तोंड पुसलं.